विष कुठलं, उतारा कुठला

निपाणीजवळच्या बोरगावात शाकाहाराची जाहिरात करणं म्हणजे कोल्हापूरकराला गूळ विकायला जाणं. दूधगंगेच्या या पट्ट्यात शेती करणाऱ्या जैनांची मोठी वस्ती आहे, लिंगायत आहेत, मराठ्यांच्या घरांतही एखादा माळकरी निघतोच. ज्यांच्याकडे रविवारी मटण शिजतं, त्यांचेही आठवड्याचे बाकीचे दिवस भाकरी, उसळ आणि पालेभाजीवर जातात. तरी मोबाइल उघडला की इथेही तीच जाहिरात येते: संपूर्ण वनस्पतिजन्य आहार, घरपोच, सात किंवा एकवीस दिवसांत शरीर आतून स्वच्छ. मागवणारेही निघतात. पुष्कळदा मागवणारा गावात नसतोच. आरोग्य शिबिरात वडिलांना साखर निघाली की पुण्यात किंवा बेंगळुरूत नोकरी करणारी मुलगी पैसे भरते आणि पेटी बोरगावच्या पत्त्यावर येऊन पडते.

मोठ्या शहरांत या कार्यक्रमाचा रोज ताजा डबा मिळतो. सीमाभागातल्या गावांच्या वाट्याला येतो तो कुरिअरचा कोरडा माल. हिरव्या पावडरीच्या पुड्या, कसल्याशा मुळ्यांचा चहा, किन्वाची पिशवी, बिया, आणि एक छापील तक्ता. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, मग दुधी-पालकाचा रस, दुपारी कच्च्या भाज्या नि थोडी खिचडी, दिवेलागणीला सूप. चहा, साखर, दूध, तूप, मैदा, तळण सगळं बंद. शिवाय व्हॉट्सॲपवर एक ‘कोच’, जो दादा-काका म्हणत रोज सकाळी वजनकाट्याचा फोटो मागतो.

यात तीन निरनिराळ्या गोष्टी एका दोरीनं बांधल्या आहेत. अन्न वनस्पतीचं असावं, ते दुसऱ्यानं रांधून किंवा मापून दारात आणून द्यावं, आणि त्यानं शरीरातलं विष निघून जावं. पैसे तिन्हींचे एकत्र घेतले जातात, पण तिन्ही सारख्याच खऱ्या नाहीत. आधी विषाचं बघू, कारण पेटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत तेच छापलेलं असतं.

कुठलं विष, हा साधा प्रश्न आहे. २००९ साली ब्रिटनमधल्या तरुण शास्त्रज्ञांच्या एका गटानं ‘डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पंधरा वस्तूंच्या उत्पादकांना तो विचारला होता. नेमकं कुठलं द्रव्य बाहेर पडतं आणि ते कशावरून, याचं पुराव्यानिशी उत्तर आलं नाही. दोन कंपन्यांची व्याख्यासुद्धा एकमेकींशी जुळेना. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी या विषयावर छापून आलेलं सगळं चाळलं, तेव्हा बाजारातल्या डिटॉक्स आहारांची एकही काटेकोर तुलनात्मक चाचणी त्यांना सापडली नाही. त्यानंतर बाजार वाढला आणि पेट्या देखण्या झाल्या.

निपाणीच्या परिसरात मात्र या प्रश्नाला अगदी हाताशी उत्तर आहे. हा विडीच्या तंबाखूचा मुलूख. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन इथेच पेटलं. त्याच सुमाराला, १९८२ मध्ये, ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटानं इथल्या तंबाखू वखारीतल्या बायकांवर ‘तंबाखू चाकिला ओब आली’ हा माहितीपट केला. वखारीत तंबाखू कुटायचा, चाळायचा, आणि ती धूळ दिवसभर नाकातोंडात घ्यायची, हे काम इथे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं आहे. शेतातल्या ओल्या पानाचा चिक हाताला लागला की निकोटिन कातडीतून आत शिरतं. दव पडलेलं असेल तर जास्तच. मग मळमळ, उलट्या, चक्कर. गुजरातेतल्या तंबाखू मजुरांवर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं याचे अभ्यास केलेले आहेत.

हे खरंखुरं विष. नाव आहे, मोजता येतं, आत कुठून आलं ते सांगता येतं. शरीर त्याचं काय करतं हेही माहीत आहे. यकृत निकोटिनचं रूपांतर कोटिनिनमध्ये करतं. रक्तातलं निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं, कोटिनिनला त्यासाठी सोळा-अठरा तास लागतात, आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे टाकून देतात. हे काम कुठलाही तक्ता न वाचता चालतं. दुधीच्या रसानं ते चटचट उरकतं असा काही पुरावा नाही. या विषावर उतारा आहे तो हातमोज्यांचा, पूर्ण बाह्यांचा, दव वाळल्यावर पिकात शिरण्याचा आणि वखारीत वारा खेळता ठेवण्याचा. त्यातलं काहीच पेटीतून येत नाही. आणखी एक. तक्त्यात चहा बंद असतो, साखर बंद असते. मिश्री बंद करा असं मात्र मला एकाही तक्त्यात दिसलेलं नाही. या भागात कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ भाजक्या तंबाखूची पूड दाताला लावतात. तक्ता लिहिणाऱ्याला मिश्री म्हणजे काय हे ठाऊक नसणार, किंवा ते गिऱ्हाईक त्याच्या नजरेसमोर नसणार.

चहा बंद केल्याचा परिणाम मात्र पक्का दिसतो. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं आणि कोच कळवतो, ‘घाबरू नका काका, विष बाहेर पडतंय.’ काकांना चहाची तलफ आलेली असते. रोज चार-पाच कप पिणाऱ्यानं चहा एकदम सोडला की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते, एक-दोन दिवसांत ती शिगेला पोचते आणि मग ओसरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जे ‘हलकं हलकं’ वाटतं, त्यात या ओसरण्याचा वाटा मोठा.

वजनाचंही तसंच. शरीर चारपाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा आधी रिकामा होतो, त्याबरोबर पाणी जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. ग्रुपवर टाळ्या पडतात. आठव्या दिवशी घरी जेवण झालं की पाणी परत येतं. तोवर ग्रुप सोडलेला असतो, त्यामुळे तो फोटो कुणी मागत नाही.

हे सगळं निरुपद्रवी असतं तर हसून सोडून देता आलं असतं. दुधीचंच घ्या. कडू दुधीत कुकर्बिटॅसिन नावाची द्रव्यं असतात. तो रस प्यायल्यावर रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला असा: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर फेकून द्या. आपल्या आज्या चिरतानाच काकडी-दुधीचा तुकडा जिभेवर ठेवायच्या, ते याच कारणानं. बाटलीत भरून, त्यात आलं-लिंबू-पुदिना घालून आलेल्या रसात कडूपणा जिभेला कळणार कसा? पालकाचा रस दिवसामागून दिवस पोटात गेला तर त्यातल्या ऑक्सलेटनं मूत्रपिंडं निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत, त्यांना नारळपाणी आणि फळांच्या रसातलं पोटॅशियमही हृदयापर्यंत धोका पोचवतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवून जेवण अर्ध्यावर आणलं तर साखर इतकी उतरते की माणूस पडतो. बोरगावातून मोठा दवाखाना गाठायचा तर निपाणी किंवा इचलकरंजीचा रस्ता धरायचा, आणि तोही रात्री. कोचच्या पहिल्या निरोपात ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत’ हा प्रश्न नसेल, तर पुढचे निरोप वाचायची गरज नाही.

वनस्पतीचं म्हणजे सौम्य, हाही समज अमेरिकेत एकदा महागात पडला. २०२२ च्या उन्हाळ्यात ‘डेली हार्वेस्ट’ या नामांकित घरपोच कंपनीनं मसूर आणि लीकचा एक गोठवलेला पदार्थ बाजारातून परत मागवला. तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे ३९३ जणांच्या आजाराची नोंद झाली, त्यातले १३३ इस्पितळात दाखल झाले, कित्येकांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या, काहींचं पित्ताशय काढावं लागलं. संशय ‘तारा’ नावाच्या एका झाडाच्या बियांच्या पिठावर गेला, आणि २०२४ मध्ये प्रशासनानं ते पीठ खाण्यात सुरक्षित मानता येत नाही असं जाहीर केलं. आरोग्याच्या हौशीनं अशी पेटी घेणाऱ्यांच्या यकृतालाच झळ बसली. नव्या पावडरीवर नऊ-दहा घटकांची नावं असली आणि त्यातली तीन घरात कुणाला ओळखू येत नसली, तर हा प्रसंग आठवावा.

इतकं बोलल्यावर दुसरी बाजूही मांडायला हवी. कार्यक्रम केलेल्या काहींची साखर खरोखर उतरते, आणि ती काही काट्यावरच्या पाण्यासारखी फसवी नसते. भात-साखर-तळण कमी झालं, रात्रीचं जेवण लवकर आलं, एकूण उष्मांक घटले की असं होणारच. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षाअखेर ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. तिथे विषाचा उल्लेखही नव्हता. होतं ते कमी खाणं, आणि गोळ्या कधी बंद करायच्या हे ठरवणारा डॉक्टर.

मराठी माणसाला यातलं नवं काही नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितलेली आणि लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवलेली दोन वेळा जेवणाची पद्धत, ५५ मिनिटांच्या घड्याळासकट, सीमाभागातही लोक पाळतात. तिच्यावर आहारतज्ज्ञांचे आक्षेप आहेत, ऋजुता दिवेकरांसारख्यांचं सांगणं वेगळं आहे, आणि मधुमेही माणसानं तीही डॉक्टरला विचारूनच करावी. पण एक गोष्ट मानायला हवी: ती पाळायला कुणाला पेटी विकत घ्यावी लागत नाही. पैसे न मोजता जे जमतं त्याला पेटीची गरज का पडावी, याचं उत्तर शेवटी स्वयंपाकघरातच सापडतं. त्याकडे येऊच.

आता वनस्पतिजन्य आहाराकडे. २०२२ साली भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ‘व्हीगन’ पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि वेगळं चिन्ह दिलं. त्यात दूध, तूप, दही, मध काहीच बसत नाही. बोरगावच्या जैन घरातही हे जरा परकंच. तिथे कांदा-लसूण वर्ज्य असेल, कंदमुळं वर्ज्य असतील, सूर्यास्तानंतर जेवण नसेल, पण दूध-ताक-तूप ताटात असतं. आणि ते असणं शरीराच्या दृष्टीनं बिनकामाचं नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. शाकाहाऱ्याला ते थोडंफार मिळतं ते दुधातूनच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी निघालं. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रतिरोध सर्वाधिक दिसला. म्हणजे आपल्याकडे दूध पिणारेही काठावर आहेत. त्यांचं दूध काढून घ्यायचं आणि बी-१२ ची गोळी द्यायची नाही, हे आठवड्याला खपून जाईल, वर्षाला खपणार नाही.

दूध सोडण्याचा आपल्या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रयोगही तडजोडीत संपला. गांधीजींनी दूध न पिण्याचं व्रत घेतलं होतं. १९१८ साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या मोहिमेनंतर अतिसारानं ते इतके खंगले की उठवेना. पुढच्या वर्षी मुंबईत डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचवली. व्रत घेताना मनात गाई-म्हशी होत्या ना! त्यांनी ते दूध घेतलं आणि आत्मचरित्रात त्याची खंतही लिहिली. पेट्या विकणारे गांधीजींचं नाव हौसेनं घेतात, हा प्रसंग मात्र वगळतात.

उपवासाच्या बाबतीत तर बोरगावच्या पंचक्रोशीला कुणी शिकवावं असं काही उरलेलं नाही. आचार्य शांतिसागर महाराज वेदगंगा-दूधगंगेच्या संगमाजवळच्या भोजचे. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचं व्रत, घेतली. आचार्य विद्यासागर १९४६ साली शेजारच्या सदलग्यात जन्मले. मीठ आणि साखर त्यांनी आयुष्यभरासाठी सोडली होती. भाद्रपदात शुद्ध पंचमीपासून दहा दिवस दशलक्षण पर्व चालतं, कुणी एकाशन करतं, कुणी नुसत्या पाण्यावर राहतं. यातल्या कुणालाही तुम्ही यकृत साफ करता का असं विचारलं तर ते हसतील. तो त्याग कर्माच्या निर्जरेसाठी, म्हणजे साठलेलं कर्म झडून जाण्यासाठी असतो, काटा खाली येण्यासाठी नाही, म्हणून दोहोंची गल्लत करणं दोघांवरही अन्याय आहे. तरी त्या परंपरेनं अन्नाबद्दल जी शिस्त जपली, तिच्यातून पेटीवाल्यांना शिकता येईल. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. त्यांच्यासाठी चौका लावणाऱ्या घरात पाणी गाळून उकळतात, पीठ घरी दळतात, आणि त्या पिठालाही मुदत असते: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. सातव्या दिवसानंतर ते पीठ चौक्यात चालत नाही. आता पेटीतल्या ‘ताज्या’ हिरव्या पावडरीवरची तारीख वाचून बघा.

लांब उपवास सोडतानाही तीच सावधगिरी. पारणं मुगाच्या पाण्यानं होतं, पंगतीनं नाही. उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा मारा केला की रक्तातलं फॉस्फेट घसरून माणूस दगावू शकतो, हे आधुनिक वैद्यकाला दुसऱ्या महायुद्धात उपासमार सोसलेल्या कैद्यांमुळे नीट कळलं. आयुर्वेदातही शोधनानंतर आधी पेज, मग दाटसर विलेपी, मग हळूहळू नेहमीचं जेवण, असा संसर्जनक्रम सांगितला आहे. जाहिरातींत पंचकर्माचं नाव सर्रास येतं, म्हणून एक बारकावा सांगतो: वमन-विरेचनाआधी रोग्याला कित्येक दिवस औषधी तूप पाजतात. तूप बंद करून पंचकर्माचा हवाला देणाऱ्यानं बेळगावच्या शहापुरातल्या आयुर्वेद महाविद्यालयात एकदा चक्कर टाकावी. १९३३ पासून तिथे हे शिकवलं जातं. आणि ते वैद्याच्या नजरेखाली करायचं असतं, कुरिअरनं नाही.

किमतीचा विषय निघाला की मला उरुळीकांचन आठवतं. गांधीजी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात राहिले, तिथे काम केलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की असल्या ठिकाणी गरीब येऊच शकत नाही. म्हणून मार्च १९४६ मध्ये ते उरुळीकांचनला गेले, खेड्यातल्या रोग्यांना पाणी, माती, ऊन आणि साधं अन्न यांवर बरं करायचं म्हणून. पुढे मणिभाई देसाईंनी तो आश्रम उभा केला. आज निसर्गोपचाराचा बाजार पुन्हा श्रीमंतांच्या दारात परतला आहे, आणि ज्याच्या शेतात ज्वारी, हुलगा, शेंग पिकते त्याला आपण पेरू देशातला किन्वा विकत आणायला शिकवतो आहोत.

राहिलं घरपोच येणं. या कार्यक्रमातला सर्वांत प्रामाणिक भाग माझ्या मते हाच आहे, आणि त्याचंच कौतुक सर्वांत कमी होतं. साखर निघालेल्या माणसाला काय खावं हे बहुधा माहीत असतं. अडतं ते करणाऱ्यापाशी. दोन माणसांसाठी मोड काढायचे, पालेभाजी निवडायची, धुवायची, चिरायची, भाकरी थापायची, कोशिंबीर करायची, आणि नातवंडांसाठी पुन्हा वेगळं काहीतरी. हे सगळं एका बाईच्या अंगावर पडतं, आणि बहुतेकदा ती स्वतःही साठीची, गुडघे धरलेली असते. पेटी मागवणारी मुलगी आईचे हे कष्टच विकत घेत असते.

पण नुसतं अन्न दारात आणून टाकणंही पुरेसं नाही. अमेरिकेत मधुमेही आणि गरीब अशा लोकांना आठवड्याला दहा जेवणांचा शिधा, सोबत आहारतज्ज्ञाचा सल्ला, असा कार्यक्रम एका चाचणीत देऊन पाहिला. २०२३ अखेर निकाल आला: सहा महिन्यांत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा १.५ नं उतरला. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचाही १.३ नं उतरला. म्हणजे फरक नाहीच. कोऱ्या पानावर कार्यक्रम देखणा दिसतो, तुलनेला दुसरा गट ठेवला की तो विरघळतो.

तेव्हा बोरगावच्या घरानं काय करावं? उत्तर कर्नाटकात त्याची एक जुनी सोय आहे. लिंगायत खानावळ. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, एखादी पालेभाजी, कच्चा कांदा-मुळा-काकडी, शेंगदाण्याची नि कारळ्याची चटणी, आणि वर ताक. ताक वगळलं तर जाहिरातीतला अख्खा ‘वनस्पतिजन्य’ तक्ता यात आला, तोही किन्वाशिवाय. कडक भाकऱ्या करून विकणारे बायकांचे गट बेळगाव-विजापूर-सोलापूर पट्ट्यात आहेत. त्या भाकऱ्या आठवडे टिकतात, बसमधून सहज जातात. गावातलीच एखादी बाई दुपारचा डबा देत असेल तर तिलाच हुलग्याचं माडगं, मटकी आणि अंबाडीची भाजी घालून डबा करायला सांगावं, भात अर्धा करावा. पुण्यातून पैसे पाठवणाऱ्या मुलीनं ते या बाईला महिन्याच्या महिन्याला पाठवावेत आणि कुरिअरचे पैसे वाचवावेत. डॉक्टरकडे तक्ता घेऊन जायचं, गोळ्या किती कमी करायच्या ते विचारायचं, तीन महिन्यांनी तपासणी करायची.

आपल्या या डब्यातही एक खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि आपला खर्डा, लोणचं, पापड, चटणी मिळून ती रेघ दुपारीच ओलांडतात. रक्तदाब असलेल्या माणसाला त्याचा त्रास डिटॉक्सच्या पावडरीपेक्षा कमी होत नाही. म्हणून डबेवाल्या मावशींना भाजीत मीठ कमी घालायला सांगायचं आणि खर्डा वेगळ्या डबीत मागायचा. तो काकांनी किती खाल्ला हे काकूंना कळेलच.